रामही तेच, सीताही तेच

मागच्या दोन भाषणांत आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. आज हिशेबाची वही थोडी बाजूला ठेवू. आज गोष्ट सांगायची आहे ती एका नटाची. शंभर वर्षांपूर्वीचा हा नट, आणि तोही मूकपटातला. म्हणजे ज्या सिनेमात माणसं हलतात, चालतात, रडतात, पण आवाज येत नाही, त्या सिनेमातला. त्यांचं नाव अण्णा साळुंके.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना या जुन्या नटाचं काय? आम्हीही आधी असंच म्हटलं होतं. पण आपल्या देशाच्या पहिल्या मोठ्या सिनेमाची नायिका म्हणून पडद्यावर कोण उभं राहिलं, असं गटांत विचारलं तर उत्तर येत नाही. एखादी मुलगी मोबाईलवर बघून सांगते आणि मग सगळ्या हसतात. कारण ती नायिका बाई नव्हतीच. मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात राबणारे अण्णा साळुंके ती नायिका होते. पुढे चार वर्षांनी हेच अण्णा एका सिनेमात नायक झाले, आणि त्याच सिनेमात नायिकाही तेच. असं का झालं, हे नीट समजून घेतलं की हसू जरा कमी होतं.

आधी दादासाहेब फाळक्यांची ओळख करून घेऊ, कारण त्यांच्याशिवाय अण्णा साळुंके हे नाव आपल्याला कळलंच नसतं. धुंडिराज गोविंद फाळके. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. चित्रकला शिकलेले, फोटो काढणारे, छापखाना चालवलेले. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात आलं की आपल्या राम-कृष्णांचा असा सिनेमा का होऊ नये. त्या काळात सिनेमा परदेशातून यायचा. इथं तो करायचा तर यंत्र हवं, विद्या हवी आणि पैसा हवा. पैसा त्यांनी कसा उभा केला हे आपल्या गटातल्या प्रत्येकीला लगेच कळेल. विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने मोडले. १९१२ साली ते विलायतेला जाऊन कॅमेरा आणि इतर सामान घेऊन आले.

सावकाराला कोणी म्हणालं असतं की सिनेमा काढायचाय, कर्ज द्या, तर त्यानं दारातूनच परत पाठवलं असतं. म्हणून फाळक्यांनी काय केलं? कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं आणि रोज थोडे थोडे फोटो घेत राहिले. सगळे जोडून पडद्यावर दाखवले तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मिनिटाभरात कोंब फुटला आणि वेल वर चढला. ते पाहून पैसे देणारा तयार झाला. आम्ही गटांना नेहमी सांगतो ना, बँकेत जाताना लोणच्याची बरणी सोबत न्या, नुसतं तोंडानं सांगू नका, ते हेच.

आता सिनेमा ठरला, ‘राजा हरिश्चंद्र’. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. सत्यासाठी राज्य दान करणारा राजा, त्याची राणी तारामती आणि मुलगा रोहिदास. राजाच्या कामाला दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. रोहिदास फाळक्यांच्याच घरचा, त्यांचा मुलगा भालचंद्र. अडलं ते तारामतीपाशी.

वर्तमानपत्रात जाहिरात दिली, पण घरंदाज बाई येणं शक्यच नव्हतं. चेहऱ्याला रंग लावून परक्या पुरुषांसमोर उभं राहायचं, आणि ते चित्र गावोगाव चार आणे मोजणाऱ्या कुणालाही दिसणार, हे त्या काळी कुठल्या घराला चाललं असतं? नाटकातसुद्धा बायकांची कामं पुरुषच करायचे. मग फाळके अशा वस्तीत गेले, जिथल्या बायकांना समाजानं आधीच वेशीबाहेर ठेवलं होतं. त्यांनीही नकार दिला. ज्यांची अब्रू गावानं आधीच काढून घेतली होती, त्या बायकांनाही सिनेमात काम करणं कमीपणाचं वाटलं. यावरून सिनेमाच्या कामाला तेव्हा काय भाव होता ते समजा.

हताश होऊन फाळके ग्रँट रोडच्या हॉटेलात बसलेले असताना त्यांना अण्णा साळुंके दिसले, असं सांगतात. कोणी त्यांना आचारी म्हणतं, कोणी वाढपी. अंगानं सडपातळ, बोटं नाजूक. फाळक्यांना त्या हातांत तारामती दिसली. हॉटेलात अण्णांना महिन्याला दहा रुपये मिळत होते. फाळक्यांनी पंधरा देऊ केले.

इथं थोडं थांबू. दहाचे पंधरा म्हणजे दीडपट पगार. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या माणसाला कुणी येऊन म्हणतं, दीडपट देतो, फक्त साडी नेसायची आणि मिशी काढायची. अण्णांनी कलेच्या ओढीनं होकार दिला, असं लिहायला छान वाटतं. पण आम्हाला विचाराल तर ते पाच रुपये मोठे होते. गरिबाच्या घरात पाच रुपयांनी काय काय होतं, हे तेव्हाही बायकांनाच जास्त ठाऊक असणार. आणि पगारासाठी काम पत्करलं म्हणून ते काम खोटं ठरत नाही.

मिशीचं प्रकरण मात्र पगाराहून अवघड होतं. आपल्याकडे वडील गेल्यावरच मिशी काढायची ही रीत. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची म्हणजे बापाचं वाईट चिंतल्यासारखं. बायकांची कामं करायला आलेल्या सगळ्याच पुरुषांनी इथं पाय मागे घेतला, आणि फाळक्यांना एकेकाची समजूत घालावी लागली. तारामतीच्या सख्या, दासी, सगळे पुरुषच होते. हे सगळं मुंबईत दादरला एका बंगल्यात चाललं होतं. स्त्रीपार्टी नटांनी दिवसभर साडी नेसूनच वावरायचं, तांदूळ निवडायचे, पीठ चाळायचं, म्हणजे बसणं-उठणं अंगवळणी पडेल, अशी फाळक्यांची शिस्त होती म्हणतात. आम्हाला हे ऐकून गंमत वाटली. बाई कशी दिसते हे शिकायचं तर सूप हातात घ्या! अण्णांना मात्र यात फार शिकावं लागलं नसेल. चूल त्यांच्या हातची होती.

सिनेमात काम करतो असं घरी किंवा गावात सांगायची सोय नव्हती. म्हणून लोकांना सांगायचं, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे. फॅक्टरी म्हटलं की लोक गप्प. पगारदार माणूस, इज्जतदार काम. याच नावाचा मराठी सिनेमा २००९ साली आला, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. तुमच्यातल्या काहींनी टीव्हीवर पाहिला असेल.

हे लपवणं आम्हाला नवीन नाही. आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलीला तालुक्याला पेट्रोल पंपावर काम मिळालं. पगार बरा, दिवसाची पाळी, घरापासून एसटीनं अर्धा तास. घरच्यांनी गावात वर्षभर सांगितलं की पोरगी कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. पुढे गावातल्याच एकानं तिच्याकडून गाडीत पेट्रोल भरून घेतलं आणि बातमी फुटली. चार दिवस बोलणी झाली, मग लोक विसरले. आता तिची धाकटी बहीण तिथंच आहे आणि तिच्यासाठी क्लासचं नाव कुणी सांगत नाही.

बरं, मूकपट तयार कसा होत होता, तेही सांगायला हवं, कारण नुसतं ‘सिनेमा केला’ म्हटलं की आताच्या मोबाईलसारखं वाटतं. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, बाजूला हँडल. आत फिल्मची लांब पट्टी. हँडल फिरवलं की पट्टी पुढं सरकते आणि तिच्यावर एकामागून एक फोटो उमटतात. एक फूट पट्टीवर सोळा फोटो. हँडल एकसारख्या गतीनं फिरलं पाहिजे. हात मंदावला तर पडद्यावर माणसं पळायला लागतात, जोरात फिरला तर ती पाण्यात चालल्यासारखी दिसतात. विजेचे मोठे दिवे नव्हते. सगळा खेळ उन्हावर. ढग आला की काम थांबलं. नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून ऊन वळवायचं, आणि या चादरी धरायला सरस्वतीबाई उन्हात तासन्‌तास उभ्या राहायच्या.

सरस्वतीबाईंचं एवढंच काम नव्हतं. विलायतेहून येणाऱ्या कोऱ्या पट्टीला कडेनं भोकं नसायची, आणि भोकं नसतील तर यंत्रात पट्टी सरकणार कशी? ती भोकं यंत्रानं एकेक करून, रात्री, अंधारात पाडायची, कारण उजेड लागला की पट्टी वाया. ते सरस्वतीबाई करत. फोटो धुण्याची रसायनं मिसळत. आणि दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिने तर आधीच गेले होते. तारामतीचं काम तूच कर, असं फाळक्यांनी त्यांना विचारलं होतं आणि त्यांनी नाही म्हटलं, असंही सांगतात. खरं असेल तर नकाराचं कारण शोधायला लांब जायला नको. साठ माणसांचं जेवण करून पुन्हा राणी कधी व्हायचं?

तर अण्णा तारामती झाले. या सिनेमातली तारामती म्हणजे नुसती मुकुट घालून बसलेली राणी नाही, हे लक्षात घ्या. नवऱ्यानं सत्यासाठी राज्य सोडलं, मग ती आणि मुलगा विकले गेले आणि राणी परक्याच्या घरी दासी झाली. धुणी-भांडी, शिव्या आणि शेवटी मुलाचं प्रेत. मूकपटात हे सगळं तोंडानं सांगता येत नाही. आवाज नाही, गाणं नाही. मध्येमध्ये अक्षरांची पाटी यायची, पण ती वाचणारे थोडे. तंबूत, थिएटरात ज्याला वाचता येतं तो मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. बाकी सगळं नटाच्या डोळ्यांवर, खांद्यावर, पदराच्या टोकावर. मुलाला पोटाशी धरणारे हात बाईचे वाटले पाहिजेत. हॉटेलात ज्या बोटांकडे फाळक्यांचं लक्ष गेलं, ती बोटं इथं कामी आली.

बाहेरचं चित्रण करायला मंडळी मुंबईपुढे कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला गेली होती. तिथला एक किस्सा सांगतात. फाळके मागून येणार होते, आणि नटमंडळी तलवारी-भाले घेऊन पुढं गेली. गावानं पाहिलं, ही हत्यारबंद टोळी, सोबत मिशी नसलेले लुगडी नेसलेले बाप्ये. दरोडेखोरच! बातमी पोलिसांपर्यंत गेली आणि अख्खी राजा हरिश्चंद्राची मंडळी अडकली. फाळक्यांनी येऊन कॅमेरा उघडून दाखवला, तेव्हा सुटका झाली. गावकऱ्यांना आम्ही दोष देणार नाही. आपल्या शिवारात अशी वरात आली तर आपणही पोलीस पाटलांना फोन करू.

३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. पट्टीची लांबी ३,७०० फूट. एका फुटाला सोळा फोटो, म्हणजे साधारण ५९ हजार फोटो झाले. पुढं फाळक्यांनी गावोगाव जाहिरात केली, की सत्तावन्न हजार फोटोंचा, दोन मैल लांबीचा खेळ फक्त तीन आण्यांत. फोटोंचा आकडा जवळपास बरोबर आहे. दोन मैलांचं मात्र आमच्या हिशेबात बसत नाही, ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. जाहिरात ती जाहिरात. पण तीन आण्यात इतके फोटो ही गोष्ट लोकांना पटली आणि गर्दी झाली.

त्याच वर्षी, १९१३ मध्येच, बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तेही पुरुष, तेही बाईच्या वेषात, आणि त्यांच्या लुगड्याची, अंबाड्याची, चालण्याची नक्कल घरच्या बायका करायच्या. मोठमोठे लोक त्यांच्या पाया पडत. अण्णा साळुंक्यांची नक्कल कुणी केली असं ऐकिवात नाही. दोघांचं काम दिसायला एकच, पण एक गाणारा आणि नाटकाचा, नाटकाला तोवर मान मिळालेला. दुसरा मुका आणि सिनेमाचा, हॉटेलातून आलेला. मान कामाला मिळतो की कामाच्या जागेला, हे आम्हाला अजून नीट उलगडलेलं नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ नंतर फाळके नाशिकला आले आणि पुढचा सिनेमा केला, ‘मोहिनी भस्मासुर’. त्यात पहिल्यांदा खऱ्या बायका पडद्यावर आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. दोघी नाटक कंपनीत काम करणाऱ्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान मुलगी, पोटासाठी रंगभूमीवर आलेल्या. त्या वेळी कमला तेरा-चौदा वर्षांची असेल. पुढं याच कमलाबाई गोखले. आपल्याला टीव्ही-सिनेमातून माहीत असलेले विक्रम गोखले त्यांचे नातू. कमलाबाईंवरही तरुणपणीच वैधव्य आलं आणि मुलांना वाढवण्यासाठी त्या नाटकांत राबत राहिल्या.

आता तुम्हाला वाटेल, १९१३ सालीच बायका आल्या, म्हणजे अण्णा साळुंक्यांचं काम संपलं. तसं झालं नाही. एका आई-मुलीनं हिंमत केली म्हणून बाकीच्यांच्या घरचे दरवाजे उघडले नाहीत. दोघी आपल्या नाटकाच्या कामाकडे गेल्या आणि फाळक्यांपुढं पुन्हा तोच प्रश्न. एखादी पहिली सरपंच झाली म्हणून गावातल्या सगळ्या सुना ग्रामसभेत बोलायला लागत नाहीत, हे आपण पाहतोच. पहिलीनंतर दुसरी आणि तिसरी यायला बरीच वर्षं जातात. मधल्या वर्षांत काम कोणीतरी चालवावं लागतं, आणि इथं ते अण्णा साळुंक्यांनी चालवलं.

मग १९१४ साली महायुद्ध सुरू झालं. परदेशातून येणारी फिल्म मिळेना आणि पैसे देणारेही मागे सरले. फाळक्यांचे ते दिवस फार ओढाताणीचे गेले. त्यातून वर काढलं ते १९१७ सालच्या ‘लंकादहन’नं. या सिनेमात अण्णा साळुंके सीताही झाले आणि रामही.

हे कसं जमलं असेल, याचा विचार करा. रामायणात सीताहरणानंतर राम एकीकडे आणि सीता दुसरीकडे. राम वनात शोधतोय, सीता अशोकवनात रडतेय. दोघं समोरासमोर नाहीत. गोष्टीनंच सोय करून ठेवली होती. तरी काम सोपं नव्हतं. सकाळच्या उन्हात धनुष्य घेऊन उभं राहायचं, छाती पुढं, मान ताठ, आणि नंतर तेच अंग आवरून झाडाखाली बसायचं, पदर सावरत, नजर खाली. बाई आणि पुरुष यांच्यातला फरक अण्णांनी केवळ बसण्या-उठण्यातून दाखवला. आपल्या देशाच्या सिनेमात एकाच नटानं दोन भूमिका करण्याचं हे पहिलं उदाहरण मानतात. पुढं कितीतरी मोठ्या नटांनी डबल रोल केले, जुळे भाऊ झाले, बाप आणि मुलगा झाले. पण राम आणि सीता दोघं होणं काही वेगळंच.

आणि लोकांनी ते मानलं. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या चपला काढून ठेवायचे. ज्या माणसाला चार वर्षांपूर्वी आपल्या कामाचं नाव फॅक्टरी असं सांगावं लागत होतं, त्याच्यासमोर लोक अनवाणी. पुण्यात थिएटरच्या दारावर इतकी झुंबड उडाली की दार तुटायची वेळ आली म्हणतात. मद्रासला तिकिटांचे पैसे, म्हणजे सगळी नाणी, बैलगाडीत भरून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, असाही किस्सा आहे. त्या गाडीतलं किती नाणं अण्णांच्या वाट्याला आलं असेल, हा प्रश्न आमच्या गटात लगेच निघतो. पगारी माणसाचा पगार ठरलेला असतो, गाडी कितीही भरून जावो. धंदा मोठा झाला की फायदा भांडवलवाल्याचा. म्हणूनच तर आपण म्हणतो की मसाल्याच्या युनिटमध्ये नुसती मजुरी घेऊ नका, भागधारक व्हा. असो, हे पुन्हा हिशेबाकडे गेलं.

त्याच सुमारास फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ नव्यानं चित्रित केला, आणि तारामती पुन्हा अण्णाच. १९१८ साली भांडवलदारांच्या भागीदारीत नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. तिच्यातल्या ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. पाहा, मुलाच्या भूमिकेत मुलगी! पण घरचीच, आणि लहान. मोठ्या बायका अजून दूरच होत्या. त्या येऊ लागल्या तेही सगळ्या एकदम नाही. आधी इंग्रजी वळणाच्या, अँग्लो-इंडियन समाजातल्या काही मुली आल्या, आणि हळूहळू पडद्यावरच्या साड्या बायकांच्या अंगावर आल्या.

अण्णांच्या आयुष्यातला आम्हाला सगळ्यात आवडणारा भाग इथून पुढचा आहे. स्त्रीपार्टी नटाचं वय झालं, अंग भरलं, गालावरचा कोवळेपणा गेला, आणि त्यात खऱ्या बायका कामाला यायला लागल्या, की त्याची रोजी जाते. नाटकातले असे कितीतरी स्त्रीपार्टी पुढं हलाखीत गेले. अण्णांनी मात्र कॅमेऱ्यासमोर उभं असतानाच कॅमेऱ्यामागं काय चाललंय तेही पाहून घेतलं असावं. ते छायाचित्रण शिकले. १९२२ च्या ‘सत्यनारायण’ आणि १९२३ च्या ‘बुद्धदेव’ या सिनेमांत त्यांचं नाव नट म्हणूनही आहे आणि कॅमेरा चालवणारे म्हणूनही. जे हँडल दुसरा फिरवायचा आणि आपण त्याच्यासमोर पदर सावरायचो, ते हँडल आता त्यांच्या हाती आलं. हे काम तारामतीसारखं लोकांना दिसत नाही. पण मिशी फुटली किंवा पोट सुटलं म्हणून ते हातातून जात नाही.

कॅमेरा चालवणं म्हणजे काय, ते मघाशी सांगितलंच. एकसारख्या गतीनं हात फिरवत राहणं, उन्हाचा अंदाज घेणं, किती पट्टी उरली ते मनात मोजत राहणं. मंद आचेवर मोठं पातेलं ढवळणाऱ्या हाताला ही गत लवकर सापडली असेल, असं आम्हाला वाटतं. हे आमचं मत आहे, कुठं लिहिलेलं नाही.

१९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलायला लागला. मूकपटांचे दिवस सरले. आता नटाला गळा हवा, शुद्ध भाषा हवी, गाणं हवं. अण्णा साळुंक्यांचं नाव आपल्याला मूकपटांच्याच काळात सापडतं, बोलपटांच्या यादीत नाही. फाळकेही या नव्या काळात रमले नाहीत. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकुलता एक खरा बोलपट, आणि १९४४ साली नाशिकला ते वारले. आज सिनेमातला देशाचा मोठा पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. सरस्वतीबाईंच्या नावाचा असा काही पुरस्कार देशपातळीवर नाही.

एक गोष्ट अजून राहिली. गटांत हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, पुरुषानं बाईचं काम घेतलं, म्हणजे बाईच्या पोटावर पाय दिला. आम्ही यावर बराच वेळ बोललो आहोत आणि सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. आमचं म्हणणं असं. अण्णांनी कुणाकडून काम हिसकावलं नाही, कारण ते काम बाईच्या हाती जाऊच द्यायचं नाही हे घराघरांत आधी ठरलेलं होतं. घरात ठरवणारे पुरुष, आणि ते निमूट मानणाऱ्या बायकाही होत्या. अण्णा तर त्या वेळच्या रांगेत शेवटचे, हॉटेलातले, पंधरा रुपयांचे. पण हेही खरं, की दुर्गाबाई आणि कमलाबाईंना जी बोलणी खावी लागली ती अण्णांना बाईच्या वेषात कधी खावी लागली नसतील. पुरुष साडी नेसून पडद्यावर रडला तर तो नट ठरतो. तेव्हा बाई रडली तर ती बाई वाया गेली, असं लोक म्हणत. एकाच साडीची ही दोन मोजमापं होती, आणि दुर्गाबाईंनी हे माहीत असून साडी नेसली.

हे सगळं ऐकून कुणाला बघावंसं वाटलं, तर थोडंफार उरलेलं आहे. त्या काळची फिल्म आग लवकर पकडायची, खराबही लवकर व्हायची, त्यामुळं बहुतेक मूकपट गेले. ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग आणि ‘लंकादहन’चा एक छोटा तुकडा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं जपून ठेवला आहे. हरिश्चंद्राचे जे भाग आहेत ते १९१३ चे की पुन्हा केलेले १९१७ चे, यावर जाणकार वाद घालतात. मोबाईलवरही हे भाग शोधले तर सापडतात. मुलांना सांगा, ती काढून देतील. आवाज नाही म्हणून मोबाईल बिघडला असं समजू नका.

बघताना तारामतीच्या सख्या पाण्यात खेळतात तो भाग चुकवू नका. सगळे पुरुष आहेत, ओली लुगडी अंगाला चिकटलेली, आणि एकदा माहीत झालं की दंड आणि खांदे लगेच ओळखू येतात. ‘लंकादहन’च्या तुकड्यात मात्र अशोकवनातली सीता झाडाखाली बसलेली आहे. तिच्या हातांकडे बघा.